कबूतरबाजाची साक्ष

अम्मान शहराच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर एक गोष्ट पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. कबूतरबाजाची साक्ष कोर्टात चालत नाही. कारण अगदी साधं आहे. दुसऱ्याचं पाखरू आपल्या गच्चीवर उतरलं की ते आपलं, हा या नादाचा पहिला कायदा; आणि मूळ मालक दारात उभा राहिला की छातीवर हात ठेवून "अल्लाशपथ, इथे पाखरू आलंच नाही" म्हणायचं, हा दुसरा. जो माणूस रोज संध्याकाळी मूठभर पिसांसाठी देवाला मध्ये ओढतो, त्याला काझी कशाला मध्ये ओढेल?

या नादात मुरलेला सगळ्यात जुना माणूस म्हणजे अबू जवाद. अबू जवाद म्हणजे जवादचा बाप. पण जवाद नावाचा मुलगा त्याला कधी झालाच नाही. लग्नच टिकलं नाही तर मुलगा कुठून होणार! लोकांनी नाव दिलं, त्याने ठेवून घेतलं. त्याचं खोटं इतकं पिकलेलं होतं की तो "आज थंडी आहे" म्हणाला तर शेजारी स्वेटर उतरवून ठेवत. त्याचं एक कबूतर म्हणे दमास्कसला जाऊन, तिथे दुपारचं जेवून, चोचीत जिलबीचा तुकडा घेऊन परत आलं होतं. जिलबी गरम होती, असंही तो सांगत असे.

शाहेरला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्याला एक खोली हवी होती.

शाहेर अनाथगृहात वाढला. कुण्या कचेरीतल्या माणसाने चहा पितापिता त्याला चार नावं दिली होती: त्याचं, बापाचं, आजोबाचं आणि घराण्याचं. पैकी शेवटचे तिघे कधी जन्मलेच नव्हते. आता त्याला अठरा पुरी झाली होती, आणि अठरा पुरी झाली की तिथला पलंग सोडायचा असा नियम. नव्या मुलाचं दप्तर पलंगाच्या दांडीला आधीच अडकवून ठेवलेलं होतं. शाहेर रोज सकाळी ते उचलून दाराबाहेर ठेवी, रोज दुपारी कुणीतरी ते पुन्हा आणून अडकवी.

बाहेर पडणाऱ्या मुलांना पायावर उभं करायचं काम सिहामबाईंकडे होतं. डोक्याला घट्ट रुमाल, हातात विझलेली सिगारेट, आणि जिभेवर कायम तापलेला तवा. मसुराची आमटी कशी करायची, विजेचं बिल कुठे भरायचं, बसथांब्यावर "सोपं काम आहे, चल" म्हणणाऱ्या माणसाला कुठे लाथ घालायची, हे सगळं त्या शिकवत. फक्त खोली कुठून आणायची, हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात हानी नावाचा मुलगा खोली न मिळताच बाहेर पडला. काही दिवस तो मोटारी धुण्याच्या जागेवर झोपत होता. मग तिथेही दिसेना. त्याचं नाव निघालं की सिहामबाई विनाकारण कुणावर तरी खेकसत.

शाहेर सोफ्यांना कापड लावणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ होता. मालक म्हणाला, "हात चांगला आहे तुझा. कायम करतो. पण पत्ता आण. ज्याला पत्ता नाही त्याच्या हातात मखमल देत नाही मी." म्हणजे खोली गेली तर कामही गेलं.

मग दोघं दारोदार फिरली.

"कुटुंबालाच देतो," एक घरमालक म्हणाला.

"हा एकटाच आहे," सिहामबाई म्हणाल्या.

"मग लग्न करून या."

"लग्न करायला आधी खोली लागते."

"मग आधी खोली घ्या कुठेतरी, मग लग्न करा, मग या."

दुसऱ्या घरात म्हातारीने दार बोटभर उघडलं आणि फटीतून विचारलं, "कुणाचा रे तू?"

या शहरात माणसाचं नाव नंतर विचारतात, हा प्रश्न आधी.

"माझा," शाहेर म्हणाला.

फट मिटली. सिहामबाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. "शहाण्या, गोड बोलायला काय जिभेला फोड येतो?"

"तुम्हीच बोला गोड. बघू तरी कसं दिसतं."

असं भांडत भांडत ती दोघं लांब जिन्याच्या टेकडीवर पोचली. तिथे हाजी फवाझच्या घरावर, गच्चीत, एक खोली रिकामी होती. मुलगा तैसीर कुवेतला गेल्यापासून तिथे जुन्या गाद्या आणि उंदीर राहत होते. खाली उतरलं की कारखाना. याहून बरी खोली देवाने स्वतः बांधली नसती.

हाजी फवाझ दारात आला. पांढरी दाढी, हातात जपमाळ, आणि चेहरा असा की जणू आत्ताच कुणीतरी त्याच्या ताटात केस टाकला आहे.

"अनाथगृहातला?" त्याने सिहामबाईंना विचारलं, जसं माणूस खरबुजाबद्दल विचारतो.

"मी इथेच उभा आहे," शाहेर म्हणाला.

"दिसतंय. गल्लीत लोकांच्या लेकीबाळी आहेत, बाई. ज्याचं मूळ ठाऊक नाही त्याला मी डोक्यावर बसवू? माझा शब्द या टेकडीवर चालतो. लग्नाला साक्षीला मलाच बोलावतात. उद्या याने काही केलं तर लोक माझी दाढी धरतील."

दार लागलं. शाहेरने त्या लोखंडी दाराला अशी लाथ हाणली की वरच्या गाद्यांतले उंदीरसुद्धा जागे झाले असतील.

आणि समोरच्या गच्चीवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तो अबू जवाद होता. हातात काठी, काठीला काळं फडकं, डोक्यावर पाखरांचा थवा गोल फिरतोय. तो जिना उतरून इतक्या लगबगीने खाली आला की त्याचा एक जोडा वरच राहिला.

"काय म्हणाला रे तो?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला? मला सगळंच करायचंय! त्याने तुला नाही म्हटलं ना? मग आजपासून तू माझा जवळचा माणूस."

सगळी टेकडी जाणत होती ती गोष्ट अशी. हाजी फवाझ एकेकाळी अबू जवादचा भिडू होता. दोघांची ढाबळ एक, दाणे एक, खोटं एक. मग फवाझ हज करून आला, पाखरं विकली आणि साधू झाला. पण हजला निघायच्या आदल्या संध्याकाळी अबू जवादचा ठिपक्यांचा नर त्याच्या गच्चीवर उतरला होता, आणि फवाझने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की उतरला नाही. परत आला तो पवित्र होऊन. पाप धुतलं गेलं, पण नर काही परत मिळाला नाही.

"आपण याच्याकडे जाहा नेऊ," अबू जवाद म्हणाला.

सिहामबाई हसल्या. हसताना विझलेली सिगारेट खाली पडली. "काका, जाहा मुलीला मागणी घालायला जाते. नाहीतर खुनाची तडजोड करायला. वडीलधारे काळे अंगरखे घालून जातात, समोर कॉफी ठेवली जाते, मागणं मान्य होईस्तोवर कुणी ती पीत नाही. खोलीसाठी जाहा? भाड्याच्या खोलीसाठी?"

"मागणं ते मागणंच! पोरगी काय, खून काय, खोली काय. आणि दारात आलेल्या जाहाला जो नाही म्हणतो, बाई, त्याला या टेकडीवर कुणी सलाम करत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार बकालसुद्धा त्याला शिळी भाकर देतो."

"म्हणजे तो हो म्हणेल," शाहेर म्हणाला.

म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले की शाहेरला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो अबू जवादच्या गच्चीवर गेला तेव्हा तिथे सगळे कबूतरबाज जमले होते, आणि त्याने जिन्यातच ऐकलं.

"तो नाहीच म्हणणार," अबू जवाद सांगत होता. "मी ओळखतो त्याला. त्याचं नाकच तसं आहे. साऱ्या टेकडीदेखत नाही म्हणेल, आणि मेला. उद्यापासून त्याच्या साक्षीला कुत्रं विचारणार नाही. माझ्या नराचं उट्टं फिटलं!"

शाहेर वर आला. "आणि माझी खोली?"

सगळ्यांनी माना पिंजऱ्यांकडे वळवल्या. एका पिंजऱ्यात काहीतरी घुमलं.

"तुझी खोली? हो हो," म्हातारा म्हणाला. "ती पण बघू."

"मी म्हणजे काय, तुमचं बांधलेलं पाखरू? दुसऱ्याचं उतरावं म्हणून पायाला दोरी लावून फडफडवायचं?"

"फडफडायला मिळतंय ते कमी आहे का?" अबू जवाद फटकन म्हणाला. "दुसरा कोण चाललाय तुझ्यासाठी अंगरखा घालून? कचेरीतला तुझा आजोबा?"

शाहेरने मूठ आवळली. मारावं असं फार वाटलं. पण संध्याकाळी परत गेला तेव्हा पलंगाला नुसतं दप्तर नव्हतं, नव्या मुलाची उशीही येऊन पडली होती. त्याने ती उशी उचलून पुन्हा पलंगावर ठेवली आणि सिहामबाईंना म्हणाला, "शुक्रवारी जातो."

"कपडे धुतलेले घाल," त्या म्हणाल्या. "आणि तोंड मिटून बस. तुझं तोंड उघडलं की माझं काम दुप्पट होतं."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ती जाहा निघाली. टेकडीला टेकडी म्हणतात तेव्हापासून असली जाहा कुणी पाहिली नव्हती. काळे अंगरखे होते, पण त्यांच्या खांद्यांवर पांढऱ्या शिटांचे डाग. रुमाल होते, पण एकाच्या रुमालात पीस अडकलेलं. चालता चालता सगळ्यांच्या माना आपोआप आभाळाकडे वळत, आणि वाटेत एखादं अनोळखी पाखरू दिसलं की मिरवणूक थांबे. अबू जवाद पुढे, त्याच्या शेजारी शाहेर, उसन्या कोटात.

"कॉफीला हात लावायचा नाही," म्हातारा दर दोन पायऱ्यांना सांगत होता. "समोर येईल, वास मारेल, जीव कळवळेल. हात लावायचा नाही. कॉफी प्यायली म्हणजे बोलणं संपलं. कळलं?"

"बहिरा नाही मी."

"अनाथगृहात वाढलेली मुलं. तुम्हाला रीतभात कोण शिकवणार!"

रिवाजाप्रमाणे हाजीने दिवाणखान्याचं दार गल्लीकडे सताड उघडं ठेवलं होतं. जाहा आली की तसंच करावं लागतं, शत्रूची असली तरी. बाहेर जिन्यावर बायकांनी जागा धरल्या होत्या. सिहामबाई त्यांच्यात उभ्या होत्या आणि एक म्हातारी त्यांना विचारत होती, "नवरी कुठली?"

"नवरी नाही, आजी. खोली आहे."

"चांगली आहे का दिसायला?"

आत सगळे भिंतीलगतच्या गाद्यांवर बसले. हाजीने स्वतः कॉफी ओतली, वेलदोड्याची, कडू. पहिली वाटी अबू जवादला. त्याने ती समोरच्या चौरंगावर ठेवली आणि हात मागे घेतले. बाकीच्यांनीही तेच केलं. वाफ वर जात राहिली.

अबू जवाद खाकरला. "हाजी, आम्ही तुझ्या दारात मोठं मागणं घेऊन आलोय. हा मुलगा, शाहेर, आमचा मुलगा. मी त्याला एवढा होता तेव्हापासून ओळखतो," त्याने हात गुडघ्याइतका खाली नेला. खरं तर ओळख त्याच आठवड्यातली होती. "एकदा त्याला रस्त्यात सोन्याची माळ सापडली तर मालकाला शोधायला तो चालत समुद्रापर्यंत गेला."

"कुठल्या समुद्रापर्यंत?" हाजीने विचारलं.

"दोन्ही."

जिन्यावरून कुणीतरी फिसकन हसलं. हाजीने जपमाळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"याचा हमीदार कोण?"

"मी!"

"तू?" हाजी इतका हळू बोलला की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "तुझी साक्ष कोर्टात चालते का, अबू जवाद? आणि तुझ्या शेजारच्याची? तो कोपऱ्यातला, ज्याच्या डोक्यात पीस आहे, त्याची चालते? या अख्ख्या खोलीत एकाच माणसाचा शब्द चालतो, आणि तो माणूस मी आहे. ज्यांच्या शपथेवर कुणी कांदा देत नाही त्यांच्या हमीवर मी घर देऊ?"

कबूतरबाजांनी माना खाली घातल्या. पीसवाल्याने डोकं चाचपलं.

"तुझा शब्द चालतो?" अबू जवाद भडकला. "माझ्या ठिपक्यांच्या नराच्या वेळी कुठे चालायला गेला होता?"

"तो उतरलाच नव्हता!"

"मी माझ्या डोळ्यांनी बघितला! तुझ्या पाण्याच्या टाकीवर!"

"तुझ्या डोळ्यांनी तर दमास्कसची जिलबीही बघितली होती!"

मग ते दोघे त्या नरावर असे तुटून पडले की त्याची पिसं पुन्हा एकदा झडली. त्याच्या पायात वाळा होता की नव्हता, त्याची आई कुणाकडची, वारा कुठून होता. मधूनच दोघांपैकी एकाला शाहेरची आठवण होई आणि तो त्याच्याकडे बोट दाखवी. हाजी म्हणे, "मूळ नसलेलं झाड मी गच्चीत लावू?" अबू जवाद म्हणे, "मूळ नसलेलं झाडच गच्चीत राहतं, अडाण्या, कुंडीत!" आणि पुन्हा नर.

शाहेर ऐकत होता. उसना कोट काखेत कापत होता. आपण झाड आहोत, पाखरू आहोत, कुंडी आहोत. या लोकांना काय वाटेल ते आहोत. बाहेर जिन्यावर सिहामबाईंचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो हानीचं नाव निघालं की येई. तो भाव पाहिला आणि त्याला एकाएकी सगळ्यांचाच संताप आला, त्यांचासुद्धा.

त्याने हात पुढे केला. अबू जवादच्या समोरची वाटी उचलली आणि एका घोटात रिकामी केली.

कॉफी गार झाली होती. त्याने आपल्या समोरचीही उचलली, तीही प्यायली, आणि दोन्ही वाट्या चौरंगावर पालथ्या घातल्या. ठक. ठक.

"घसा कोरडा पडला ऐकून ऐकून," तो म्हणाला. "तुमचं चालू द्या. खोली त्या नराच्या घशात घाला."

दिवाणखान्यात असं काही शांत झालं की वरच्या उंदराने पाय बदलला तेही ऐकू आलं. अबू जवादचं तोंड उघडंच राहिलं.

पण त्या आरडाओरड्यात बाहेर जिन्यावरच्या बायकांना कोण काय म्हणालं ते कळेनासं झालं होतं. त्यांना फक्त चौरंग दिसत होता. आणि चौरंगावर, जाहाच्या प्रमुखासमोर, पालथी घातलेली रिकामी वाटी होती. नवरी कशी दिसते विचारणाऱ्या म्हातारीने वेळ दवडला नाही. तिने जीभ हलवून अशी लांब किलकारी सोडली की जिन्यावरची मांजरं छपरांवर गेली. लगेच दुसरीने, तिसरीने. पोरांनी फटाके लावले. बकालाने दुकानातून "मबरूक हाजी, मबरूक!" असं अभिनंदन ओरडून वाटीभर टॉफ्या उधळल्या. समोरच्या टेकडीवरच्या बायकांनीही किलकाऱ्यांनी उत्तर दिलं. कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मागे कोण राहतं!

"मी हो म्हटलेलं नाही!" हाजी उठून उभा राहिला.

"बरोबर!" अबू जवाद त्याहून जोरात ओरडला. "हा नाही म्हणत होता! लोकहो, हा नाही म्हणत होता! मी साक्ष देतो!"

"तुझी साक्ष कोण घेणार?" पीसवाला सवयीने म्हणाला.

तीस वर्षांत पहिल्यांदाच ते दोघे एकाच बाजूने भांडत होते. गल्ली ऐकेना. तेवढ्यात आतला पडदा बाजूला झाला आणि हाजीची बायको उम्म तैसीर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाई दक्षिणेतल्या करक गावची. करकच्या बायका आवाज चढवत नाहीत. त्यांना गरज पडत नाही.

"ती कॉफी कुणी केली होती?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तू," हाजी म्हणाला.

"प्यायली गेली का?"

"अगं, पण या गाढवाने..."

"प्यायली गेली का?"

"गेली."

"मग जा बाहेर आणि सांग. सांग की फवाझच्या घरात जाहाने कॉफी प्यायली आणि रिकाम्या हाताने गेली. माझ्या बापाच्या घरात असं सात पिढ्यांत झालं नाही. तू सांगून ये, तोवर मी बोचकं बांधते." मग ती शाहेरकडे वळली आणि तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तोंड बघवत नाही मला या पोराचं. कॉफी प्यायला की गटाराने पाणी ओढलं! पण प्यायला."

तिने कंबरेची किल्ली सोडली आणि चौरंगावर टाकली.

बाहेर लोक हाजीचं कौतुक करत होते. काय दिलदार माणूस! अनाथ पोराला डोक्यावर जागा दिली! बकालाने जाहीर केलं की हाजीला यापुढे ताजीच भाकर. हाजी दारात उभा राहून प्रत्येकाचा सलाम घेत होता, आणि प्रत्येक सलामागणिक त्याचा चेहरा दाढ काढताना होतो तसा होत होता.

अबू जवाद जिन्यावर शाहेरच्या कॉलरला लटकला. "तुला सांगितलं होतं ना, हात लावू नको? तो मेला होता रे, मेला होता! आता साधूचा संत झाला! मुद्दाम केलंस?"

"तहान लागली होती."

"असू दे हो," एक बाई कळवळून म्हणाली. "अनाथगृहात वाढलेलं पोर. त्याला बिचाऱ्याला रीत कोण शिकवणार!"

शाहेरने मान खाली घातली आणि शक्य तितका बिचारा दिसायचा प्रयत्न केला. अठरा वर्षांत ती दया त्याला पहिल्यांदाच कामाला आली होती.

सिहामबाई त्याच्या मागोमाग गच्चीवर आल्या. खोली बघितली, गाद्या उलथल्या, नाक मुरडलं. "तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रीत."

"मला राग आला होता. बाकी काही माहीत नव्हतं."

त्यांनी खिडकीची कडी ओढून बघितली आणि एकदम कडाडल्या, "गॅसची शेगडी पेटवलीस की खिडकी उघडी ठेवायची. थंडी वाजली तरी. बंद खोलीत शेगडी लावून झोपलेला मुलगा सकाळी उठत नाही. मी दर आठवड्याला येऊन बघणार. खिडकी बंद दिसली तर काच फोडेन."

"फोडा. काच हाजीची आहे."

त्यानंतर शाहेर तिथे राहिला, आणि कुणीही त्याच्याशी गोड बोललं नाही. पत्ता मिळाला म्हणून कारखान्याच्या मालकाने कायम केलं आणि पहिल्याच दिवशी मखमल वाकडी कापली म्हणून शिव्या घातल्या. हाजी रोज जिन्याखाली उभा राहून नवे नियम ओरडे: पाहुणे नकोत, गाणी नकोत, गल्लीच्या बाजूला चड्ड्या वाळत नकोत; आणि पाखरं तर अजिबात नकोत, पीसही दिसलं तर सामान खाली येईल. उम्म तैसीर पायरीवर मकलुब्याचं, मटण-भाताचं ताट आदळून जाई. "उरलं होतं. कुत्र्याला टाकणार होते." समोरच्या गच्चीवरून अबू जवाद काठी हलवता हलवता त्याच्या नावाने थुंके.

थंडीच्या अखेरच्या दिवसांत एका संध्याकाळी वारा फिरला. अबू जवादचा थवा परतत होता, आणि त्यातली त्याची लाडकी, बर्फासारखी पांढरी मादी, जिला तो नवरी म्हणे, वाऱ्याने वाहवत इकडे आली. शाहेर आत मसूर निवडत होता. शेगडी पेटलेली होती, म्हणून खिडकी उघडी होती. नवरी टाकीवर उतरली, इकडेतिकडे बघितलं, आणि थेट खिडकीतून आत येऊन त्याच्या उशीवर बसली, जणू भाडं तीच भरत होती.

शाहेर हललाच नाही.

"अरे ए!" समोरून आरोळी आली. "शाहेर! माझं पाखरू दे!"

तो दारात आला. दार मागे ओढून घेतलं. समोरच्या कठड्यावर म्हातारा अर्धा बाहेर लटकलेला.

"कुठलं पाखरू?"

"नवरी! तुझ्या खिडकीत गेली! मी बघितलं!"

शाहेरने जरा विचार केला. समुद्रापर्यंत चालत गेलेला तो, दोन्ही समुद्रांपर्यंत. त्याने छातीवर हात ठेवला.

"अल्लाशपथ, काका. इथे पाखरू आलंच नाही."

म्हाताऱ्याच्या घशातून असा आवाज निघाला की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. तेवढ्यात धापा टाकत हाजी गच्चीवर आला. "काय कोकलताय? काय आहे आत? पाखरू आहे? मी काय सांगितलं होतं?" त्याने शाहेरला बाजूला ढकललं आणि आत शिरला.

शाहेर त्याच्या मागे गेला. सामान कुठल्या पिशवीत भरायचं याचा विचार त्याच्या डोक्यात सुरूही झाला होता.

हाजी उशीसमोर उभा होता. नवरीने त्याच्याकडे एका डोळ्याने बघितलं. हाजीची जपमाळ खिशात कधी गेली ते त्यालाही कळलं नसावं. त्याचे हात पुढे गेले, एकाने तिला खालून अलगद उचललं, दुसऱ्याने पंख पंख्यासारखा उघडला, आणि तो एकेक पीस बोटाने मोजल्यासारखा बघत राहिला. बराच वेळ.

"हाजी!" बाहेरून अबू जवाद रडकुंडीला येऊन ओरडत होता. "तू सांग! तुझा शब्द चालतो! तुझ्या शब्दावर मी गप्प बसेन! आहे की नाही आत?"

सगळी गल्ली खिडक्यांतून वर बघत होती. हाजीने पाखरू शाहेरच्या हातात दिलं, दाढी सारखी केली, दारात जाऊन उभा राहिला आणि छातीवर हात ठेवला.

"अल्लाशपथ," तो खणखणीत म्हणाला, "या खोलीत पाखरू नाही आणि पीसही नाही."

त्याच्या दाढीत एक पांढरं पीस अडकलं होतं. ते गल्लीच्या टोकापर्यंत दिसलं. खाली बकालाने हाजीसाठी काढलेली ताजी भाकर परत टोपलीत ठेवली.

हाजी आत आला, दार लावून घेतलं आणि शाहेरवर दात खाऊन पुटपुटला, "बघत काय उभा आहेस? आधी पाणी दे तिला. मग दाणे. मसूर नाही रे, नालायका, गहू! आणि खिडकी लाव, उडून जाईल."

"बाई म्हणाल्यात, शेगडी असली की उघडी ठेवायची."

"मग शेगडी विझव, गाढवा."

शाहेरने शेगडी विझवली, खिडकी लावली, आणि ते दोघे त्या गारठलेल्या खोलीत नवरीचं पाणी पिणं बघत बसले.